बुवांची वही



देशावरच्या वारकऱ्याला डबलबारी हा शब्द कदाचित नवा असेल, म्हणून आधी तो सांगून घेतो. आमच्या सिंधुदुर्गात, मालवण-देवगडच्या किनाऱ्यापासून कणकवली-कुडाळपर्यंत, जत्रा असो, सप्ताह असो की गणपतीचे दिवस असोत, दोन भजनी बुवा एकाच मांडवात समोरासमोर बसतात. एक बारी या बुवांची, एक बारी त्या बुवांची. पेटी पुढ्यात, बाजूला पखवाज आणि झांज, मागे कोरस धरणारी मुले. आधी नमन, मग रूपाचा अभंग, पुढे अभंग, गौळण आणि गजर. एक बुवा पुराणातला प्रश्न टाकतात, दुसरे आपल्या बारीत त्याचे उत्तर देऊन उलट प्रश्न करतात. रात्र चढते तशी रंगत चढते आणि माणसे पहाटेपर्यंत हलत नाहीत. मुंबईला गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांनी हे भजन तिकडेही नेले, वाढवले. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणातल्या लोककलांचे तिकिटाचे प्रयोग वर्षानुवर्षे झाले आहेत.

या भजनाच्या गाण्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. त्याच्या हिशोबावर मात्र कोणी बोलत नाही. बोलले की लोक म्हणतात, 'नामाचा बाजार मांडलात का?' प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण माउली, माझे म्हणणे असे की नामाचा बाजार हिशोब लिहिल्याने होत नाही. तो बहुतेक वेळा हिशोब न लिहिल्याने होतो. हे कसे, ते आपण संतांच्याच आधाराने पाहू.

आमच्या एकाच गावात दोन प्रकारचे भजन नांदते. गणपतीत वाडीतले भजनी मंडळ घरोघर फिरते. तिथे पैशाचा प्रश्नच नाही. यजमान चहा देतो, उसळ देतो, आणि आज माझ्या घरी आलात तर उद्या मी तुमच्या घरी टाळ घेऊन येतो, एवढाच तिथला व्यवहार. हरिनाम सप्ताहात वाडीवाडीने पहारे लावून वीणा अखंड ठेवतात, तिथेही कोणी मोल मागत नाही आणि मागूही नये. हे निखळ सेवेचे भजन आहे. दुसरे भजन डबलबारीचे. तिथे बुवांना नावाने बोलावतात, तारीख धरतात, सुपारी देतात, बॅनर लागतो, बॅनरवर देणगीदारांचे फोटो लागतात, कॅमेरे येतात. दोन्ही ठिकाणी शब्द तुकोबांचेच असतात, पण व्यवहार वेगळा आहे. घोटाळा होतो तो दुसऱ्या भजनाला पहिल्या भजनाची भाषा लावल्यावर.

तारीख ठरवायला आलेला गृहस्थ सहज म्हणतो, 'बुवा, पैशांचा मगे बघूया, देवाचा काम आसा.' बुवाही संकोचाने मान हलवतात. मग पहाटे भैरवी झाल्यावर हातात एक पाकीट येते. ते तिथेच उघडायची चोरी. गाडीत बसल्यावर कळते की आत ठरल्यापेक्षा कमी आहे, किंवा काही ठरलेच नव्हते म्हणून कमी की जास्त हेही सांगता येत नाही. गाडीवाल्याला पूर्ण द्यावेच लागतात. उरतात पखवाजवाला, झांजवाला आणि कोरसची मुले. त्यांना बुवा म्हणतात, 'या वेळी सांभाळून घ्या.' सांभाळून घेणारे तेच ते. दोन-तीन हंगामांनी पखवाजावर बसणारा मुलगा गोव्याला कामाला जातो आणि मंडळ म्हणते, हल्लीच्या पोरांना भजनाची गोडी राहिली नाही. गोडी होती, माउली. त्याच्या रात्रीचा हिशोब कोणी ठेवला नव्हता.

आता तुकोबांचे प्रमाण घेऊ, कारण आक्षेप तिथूनच येतो. गाथेत कीर्तनकाराला घालून दिलेला एक कडक नियम आहे. जिथे कीर्तन करावे तिथे अन्न घेऊ नये, माळ-बुक्क्याचा मान घेऊ नये, एवढेच काय, आपल्या बैलासाठी दाणावैरणही मागू नये. आणि द्रव्य घेणारा व देणारा दोघेही दोषी. हा नियम डबलबारीच्या बुवांना नेहमी ऐकवला जातो. ऐकवणाऱ्यांनी त्यातला बैल मात्र नीट पाहिलेला नसतो.

तो बैल तुकोबांनी का आणला असेल? कीर्तनकार लांबून आला आहे, त्याला कुणीतरी वाहून आणले आहे आणि त्या मुक्या जिवाला भूक आहे, हे तुकोबा विसरलेले नाहीत. बैल उपाशी राहिला तरी चालेल असे ते कुठेही म्हणत नाहीत. वैरण यजमानाकडे मागू नका, म्हणजे ती स्वतः घेऊन या, असा त्याचा अर्थ. खर्च नाहीसा होत नाही, तो कीर्तनकार आपल्या अंगावर घेतो. हे विरक्ताचे व्रत आहे आणि ते ज्याचे त्याने घ्यायचे असते. यजमानाने दुसऱ्यावर लादायचे ते नव्हे. मांडवासाठी देणगी गोळा करणारा, बॅनरवर दुकानाची जाहिरात लावणारा आयोजक जेव्हा बुवांना हा अभंग सांगतो, तेव्हा तो बैलाची वैरण स्वतःच्या खिशात ठेवून तुकोबांचे नाव पुढे करत असतो. आजचा बैल म्हणजे भाड्याची गाडी, आजचा बैल म्हणजे रात्रभर हात दुखेपर्यंत वाजवणारा पखवाजी.

दुसरा दृष्टांत कर्जखतांचा. तुकोबांचे घर वाण्याचे, घरात सावकारी होती. विरक्ती आल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पण परंपरा तिच्यात आणखी एक तपशील सांगते. धाकटे बंधू कान्होबा यांनी आपला वाटा मागितला. तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, भावाचा भाग भावाला दिला आणि आपलाच तेवढा डोहात टाकला. या कथेवर किती कीर्तने झाली असतील! तरी तिचा हिशोबी अर्थ आपण क्वचितच काढतो. तुकोबांनी येणे बुडवले, देणे बुडवले नाही. स्वतःचा वाटा सोडला, दुसऱ्याचा सोडला नाही. आणि दोन वाटे वेगळे करायचे तर आधी ती खते मांडावी लागली असतील, मोजावी लागली असतील. त्यागाच्या आधी मोजणी झाली.

बुवांसाठी सारा धडा एवढ्यात आहे. बुवांनी स्वतःची बिदागी देवाच्या पायी वाहिली तर ते थोर आहे. पण पखवाज्याची मजुरी देवाच्या पायी वाहण्याचा त्यांना अधिकार नाही. ती त्यांची नाहीच.

कुणी म्हणेल, संतांनी वह्या खाली ठेवल्या, तुम्ही बुवांच्या हातात वही देता. आमच्याच जिल्ह्यातले बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये कुळकर्णीपणाचे दप्तर सोडून परमार्थाला लागले, हे खरे. परंतु दप्तर सोडताना त्यांनी त्याबरोबरचे उत्पन्नही सोडले. वतन चालू ठेवून लिहायचे तेवढे बंद केले, असे झाले नाही. ज्याला घ्यायचे नाही त्याने वही ठेवू नये, हे बरोबर. जो घेतो त्याला लिहिण्यापासून सुटका नाही.

आणि वहीचा महिमा सांगणारा दृष्टांत आपल्या संप्रदायातच आहे. देवगडावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना, म्हणजे आमचे देवगड नव्हे, दौलताबादचा देवगिरी, एकनाथ महाराजांकडे हिशोबाचे काम होते. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. सारे निजले, नाथ दिव्यापाशी बसून राहिले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! कथेकरी नेहमी स्वामींच्या बोलण्यावर थांबतात. मी तुम्हाला आधीच्या रात्रीवर थांबायला सांगतो. पैसाठी जागणाऱ्या त्याच एकाग्रतेला स्वामींनी परमार्थाकडे वळवले. हिशोबाचा कंटाळा केलेल्या माणसाला त्यांनी हे सांगितले नव्हते.

या एकनाथांची भूमिका १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात कोणी केली? बालगंधर्वांनी. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी 'संगीत कान्होपात्रा' रंगभूमीवर आणले होते आणि मंगळवेढ्याच्या त्या संत कान्होपात्रेला घरोघर पोचवले होते. महाराष्ट्राने एवढे प्रेम क्वचित कुणा गायकावर केले असेल. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी निघाली; दोघेही भागीदार पुढे बाहेर पडले. अहमदजान थिरकवांसारखा तबलजी त्यांनी पदरी ठेवला. शालू भरजरी, अत्तर खरे, सगळे उंची. गाणे दैवी होते, दानत राजाची होती, पण वही कुणी पाहत नव्हते, आणि कंपनी कर्जात बुडाली. त्यांच्या गळ्याला यात काही उणे नाही. उणे एवढेच की एवढ्या गळ्याला त्याच्या पाठीशी बसून एक पै शोधणारा कुणी टिकला नाही. पुढची वर्षे किती हालाची गेली हे सर्वज्ञात आहे.

मग बुवांनी शिकायचे काय? अवघड काही नाही. उदाहरणापुरते धरा, की एका बारीचे चोवीस हजार ठरले. गाडीचे ५,०००, पखवाजाचे ३,०००, झांजेचे १,५००, कोरसच्या आठ मुलांना प्रत्येकी हजार म्हणजे ८,०००, आणि वाद्यांसाठी १,५०० बाजूला. बेरीज १९,०००. बुवांकडे राहिले ५,०००. गावात बोलवा होते 'बुवांनी चोवीस हजार घेतले' अशी. वही नसेल तर बुवाही मनात तेच धरतात आणि साथीदारही. वही उघडी असेल तर कुणाच्या मनात काही राहत नाही. वाद्यांचा तो वेगळा पैसा आमच्याकडे फार गरजेचा. खाऱ्या हवेत पेटीचे सूर काळे पडतात, भाद्रपदाच्या ओलीत पखवाजाचे कातडे सैल होते, शाई उडते, पुडी बदलावी लागते. ऐन गणपतीत हा खर्च येतो आणि तेव्हा उसनवारी करावी लागते.

ही सारी बोलणी तारीख धरताना व्हावी. रक्कम किती, आगाऊ किती, गाडी कुणाची, वेळ किती, पाऊस पडून कार्यक्रम रद्द झाला तर काय, आणि चित्रीकरण कोण करणार. चार ओळी कागदावर लिहून दोघांनी सही करावी. आमच्याकडे दशावतारी मंडळींत रात्रीचे मानधन ठरलेले असते, म्हणून काही देवाची जत्रा बाटत नाही. भजनानेच तेवढे का लाजावे?

चित्रीकरणाचा प्रश्न तर नवाच. आज डबलबारी मांडवात जेवढी ऐकली जाते त्याहून जास्त यूट्यूबवर ऐकली जाते. मांडवातला पैसा एका रात्रीचा, तिथला वर्षानुवर्षे चालतो, आणि तो बहुधा वाहिनी चालवणाऱ्याकडे जातो. बुवांना वाटते, आपली प्रसिद्धी झाली, पुष्कळ झाले. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाला त्यात हक्क मिळाला, तो पन्नास वर्षे टिकतो. स्वतःपुरते ऐकायला, अभ्यासाला कोणी टिपून घेतले तर गोष्ट वेगळी. धंद्यासाठी मुद्रण करायचे तर गाणाऱ्याची संमती लागते. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातल्या मानधनाचा वाटाही कलाकाराला दिला. लता मंगेशकरांनी गायकाच्या रॉयल्टीचा आग्रह धरला तेव्हा मोठमोठे लोक नाराज झाले होते. त्याच लताबाईंनी श्रीनिवास खळ्यांच्या चालीत तुकोबांचे अभंग गायिले आणि ते आपल्या देव्हाऱ्यापाशी वाजतात. हक्क मागितल्याने त्या अभंगांतली भक्ती कमी झाली, असे कुणाला वाटले नाही.

आता उलट बाजू. दुसऱ्याचा वाटा आपणही ओळखला पाहिजे. संतांचे शब्द सर्वांचे आहेत, त्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. पण आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते. त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत ती गायिली तर कायदा आडवा येत नाही, देवळातल्या सप्ताहात कुणी तुम्हाला विचारणार नाही. तिकीट लावलेल्या सभागृहात किंवा यूट्यूबवर मात्र ती सवलत मिळेलच असे धरून चालू नये. सिनेमाच्या चालीवर गजर बांधला की टाळ्या पडतात, आणि चित्रफीत चढवली की त्या गाण्याची मालक कंपनी तिच्यावर दावा लावते. म्हणजे टाळ्या बुवांना, उत्पन्न तिसऱ्यालाच.

याउलट बुवांनी स्वतः रचलेला गजर, स्वतः बांधलेली चाल ही त्यांची असते. ती नोंदवायलाच हवी अशी सक्ती नाही, लिहून तारीख घालून ठेवली तरी पुरावा होतो. ती कुणाला द्यायची तर लेखी द्यावी लागते आणि त्या लेखात मुदत घालावी. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर सारा भारत धरतो. जुनी हस्तपत्रके, निमंत्रणे, वर्तमानपत्रातली कात्रणे फेकू नयेत. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, आणि तिथे अर्ज करताना आयुष्यभर काय केले त्याचे पुरावे मागतात. सत्तरीच्या बुवांना आपण गायलो होतो हे सिद्ध करता येऊ नये, याहून वाईट काय?

शेवटी गाण्यावर येतो, कारण या सगळ्याची झळ तिथे लागते. डबलबारीचे मोठेपण प्रश्नोत्तरात आहे. एका बुवांनी अभंग घ्यावा, दुसऱ्यांनी त्याच विषयावर वेगळ्या संताचे प्रमाण काढावे, अशा दोन चांगल्या बुवांची रात्र म्हणजे खुल्या मांडवातली पाठशाळा असते. ज्याने कधी गाथा उघडली नाही तो खलाशीही अशा रात्री चार अभंगांचा अर्थ घेऊन उठतो. आजच्या अनेक बाऱ्यांत मात्र अभंग एका-दोन चरणांत उरकतो आणि गजर लांबत जातो. प्रश्नाची जागा टोमण्याने घेतली आहे. बुवांच्या रंगावर, गावावर, वयावर बोलणे होते, कारण तोच तुकडा कापून मोबाईलवर फिरतो. हे सगळे बुवांची रुची घसरली म्हणून झाले, असे मला वाटत नाही. ज्याचे वर्षाचे गणित अंधारात असते त्याला प्रत्येक सुपारी घ्यावी लागते, आणि सुपारी देणारा म्हणेल तसे भांडावे लागते. ज्याच्या वहीत लिहिलेले आहे की वर्षाला इतक्या बाऱ्यांत माझ्या मंडळाचे भागते, तो एखाद्या आयोजकाला शांतपणे सांगू शकतो, 'झगडा हवा असेल तर दुसरे बुवा बघा.' नाही म्हणण्याचे बळ त्या वहीतून येते, आणि अभंग पुरा गाण्याची सवडही.

म्हणून, माउली, तुम्ही आयोजक असाल तर रक्कम आधी बोला, कमी असेल तर कमी बोला, पण बोला; आणि पाकिटावर आकडा लिहा. तुम्ही बुवा असाल तर पाकीट सर्वांदेखत उघडा आणि पहिला वाटा पखवाजाचा काढा. तुम्ही नुसते श्रोते असाल तर पुढच्या जत्रेत टोमण्यावर टाळी द्यायच्या आधी क्षणभर थांबा, आणि अभंग पुरा झाल्यावर ती द्या. स्वतःचा वाटा देवाला द्यायला कुणाची हरकत नाही. तो आधी मोजून वेगळा काढलेला असावा, म्हणजे त्यात दुसऱ्याचा मिसळलेला नाही हे देवालाही दिसेल.

राम कृष्ण हरि.